नाव गाडीत ठेवायचं

मुळशी मागे पडली की ताम्हिणीच्या अलीकडे एका टपरीवर बाई गाडी थांबवायच्या. सगळ्यांच्या हातात चहा आला की पाहुण्यांसमोर उभ्या राहून एकेकाकडे बोट करत सांगायच्या, "तुम्ही आज गजानन. तुम्ही आज यमुना." पाहुणे हसायचे. त्यांना वाटायचं, सहलीतला एखादा खेळ असेल. बाई हसायच्या नाहीत.

"खरं नाव गाडीत ठेवायचं. संध्याकाळी घाट चढून इथे परत आलो की ज्याचं त्याला मिळेल. तोवर कुणी कुणाला खऱ्या नावानं हाक मारायची नाही. नवराबायकोनंसुद्धा नाही."

मग त्या तालीम घ्यायच्या. "गजानन?" असं विचारलं की समोरचा बाणेरचा संगणकवाला कप सावरत "यस" म्हणायचा. "यस नाही. ओ म्हणायचं." तो ओशाळून "ओ" म्हणायचा. तेवढं झालं की बाई आपला चहा पीत.

नावं कायम जुनी असायची. गजानन, यमुना, दत्तोपंत, मनोरमा. धुतलेल्या कपांसारखी तीच ती नावं त्या पुन्हा पुन्हा वापरत. एका मुलीनं विचारलं, जरा मॉडर्न नाव नाही का मिळणार? बाई म्हणाल्या, "मॉडर्न नावाला तू चटकन ओ देशील. यमुनेला देणार नाहीस. म्हणून यमुना."

बाईंचं नाव सुलभा दातार. आता त्या नाहीत, म्हणून लिहायला हरकत नाही.

त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल लावायच्या काळातल्या. नोकरी संपल्यावर त्यांनी कोकणच्या एका दिवसाच्या सहली सुरू केल्या. एका वेळी एकच कुटुंब, एकच गाडी. पहाटे पुण्यातून निघायचं, दिवेआगर, श्रीवर्धन आणि त्यापुढचा आणखी एक किनारा बघायचा, आणि दिवस मावळायच्या आत घाटाला लागायचं. मुक्काम कधीच नाही. लोक विचारायचे, रात्रीचा समुद्र बघायला मिळणार नाही का? "रात्री तो दिसत नाही. मग बघणार काय?"

गाईड म्हणून त्या अगदीच कंजूष होत्या. दिवेआगरला सुपारीच्या बागेतून चालताना त्यांची सगळी माहिती एवढीच असायची: "इथे वाडी म्हणजे बाग. पुण्यात वाडी म्हणजे बिबवेवाडी. तिथे झाडं सोडून सगळं आहे." मी बिबवेवाडीची, म्हणून हे सांगताना त्या माझ्याकडे बघायच्या. किनाऱ्यावर आलं की म्हणायच्या, "हा समुद्र." मग गप्प. एका गृहस्थांनी विचारलं, बाई, इथे डॉल्फिन दिसतात का? बाई म्हणाल्या, "त्यांना तुम्ही दिसता. तेवढं पुरे." गृहस्थ हसले, पण नंतर घोट्याच्या वर पाण्यात गेले नाहीत.

तरी लोक त्यांच्याकडेच यायचे, आणि दुसऱ्यांना पाठवायचे. त्यांच्याबरोबर असलं की आपली कुणीतरी काळजी घेतंय असं वाटायचं, हे त्याचं कारण असावं. फक्त कशापासून, ते कळायचं नाही.

गाडी बाळासाहेब चालवायचे. पूर्वी त्यांचा टेम्पो मार्केट यार्डात माल आणायचा. समुद्राजवळ आले की ते गाडी उलटी लावायचे, तोंड रस्त्याकडे. मी एकदा कारण विचारलं. "आपल्याला फ्लॉवरच्या गोणी बऱ्या होत्या ताई," ते म्हणाले. "गोणी हाक मारत न्हाई." मी म्हटलं, इथे कोण मारतं हाक? त्यांनी आरसा पुसायला घेतला. "मला काय म्हाईत? मी खाली उतरतच न्हाई."

बाईंकडे मी लागले ते माझ्या इंग्रजीमुळे, असं मला बरेच दिवस वाटत होतं. माझी शाळा, कॉलेज सगळं इंग्रजीत. बाईंकडे परप्रांतातले, परदेशातले पाहुणे यायला लागले होते आणि त्यांना दुभाषी हवी होती. ओळखीतून कळलं आणि आईनं मला शनिवार पेठेत पिटाळलं. जुन्या इमारतीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. दारावर पाटी होती: "बाहेरून नाव घेऊन हाक मारू नये. बेल वाजवावी." शनिवार पेठेत अशी पाटी कुणी दोनदा वाचत नाही. शेजारी आणखी कडक पाट्या होत्या. बाईंची पाटी त्यांच्यात बेमालूम मिसळून गेली होती.

त्यांनी मला शिक्षण विचारलं नाही. गॅलरीत जाऊन कपडे वाळलेत का बघायला सांगितलं आणि स्वतः स्वयंपाकघरात गेल्या. मी दोरीजवळ उभी होते, तेवढ्यात आतून माझ्या नावानं हाक आली. मी हलले नाही. शाळेत माझ्या नावाची आणखी एक मुलगी होती, हुशार. हाक बहुतेक वेळा तिलाच असायची. मी उठायचे आणि वर्ग हसायचा. तेव्हापासून हाक खरंच मला आहे याची खात्री होईपर्यंत मी थांबते. बाईंची दुसरी हाक आली. मी दाराकडे बघत राहिले. तिसरी आली तेव्हा आत गेले.

"पहिल्या हाकेला का नाही आलीस?"

"मला वाटलं, तुम्ही फोनवर कुणाशी बोलताय."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "याआधी चार मुली येऊन गेल्या. सगळ्या पहिल्या हाकेला धावत आल्या. यस मॅम म्हणत." मग म्हणाल्या, "शनिवारपासून ये."

माझ्या भिडस्तपणामुळे मला मिळालेली ती पहिली आणि एकमेव नोकरी.

त्या तिसऱ्या किनाऱ्याचं नाव मी लिहीत नाही. श्रीवर्धनच्या पुढे डांबरी रस्ता सोडून थोडं आत गेलं की सुरूची झाडं लागतात, आणि झाडं संपली की एकदम वाळू. दुकान नाही, नारळपाणी नाही, होड्या नाहीत. पाहुणे म्हणायचे, एवढी सुंदर जागा आणि कुणालाच माहीत नाही कशी? ओहोटीच्या वेळी पाणी इतकं लांब जायचं की समुद्र निघून गेल्यासारखा वाटायचा. मध्ये एक काळा खडक होता. बाईंचा नियम असा, की सुरूच्या सावलीत बसायचं, खडकाच्या पलीकडे जायचं नाही, आणि मोठ्यानं बोलायचं नाही. आणि नावाचं तर होतंच.

तिथे भर दुपारीसुद्धा मला गार वाटायचं. ऊन असायचं, वाराही असायचा, पण सुरूच्या झाडांचा आवाज यायचा नाही. सुरूच्या झाडांना आवाज नसणं ही साधी गोष्ट नाही. त्या झाडांना दुसरं काही येतच नाही. मी एकदा बाईंना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "लाइन जोडली जाते आणि पलीकडचा माणूस बोलत नाही, तेव्हा अशी शांतता येते. बंद लाइनची शांतता वेगळी असते. ही बंद नाही."

तिथे बसल्यावर कधीकधी त्या बोलता बोलता थांबायच्या. मान किंचित तिरकी व्हायची, उजवा हात कानाजवळ जायचा, हेडफोन दाबून धरल्यासारखा. मग हळूच विचारायच्या, "तुला काही?" मी कान द्यायचे. मला काही ऐकू यायचं नाही. "नाही," मी म्हणायचे. त्यांचा चेहरा उतरायचा. सुटका झाल्यावर माणसाचा चेहरा सैल पडतो, हा तसा नव्हता. हा खरोखर उतरायचा, निकाल लागल्यासारखा. मला ते विचित्र वाटे, पण विचारायचं धाडस झालं नाही.

त्यांनी आपण होऊन सांगितलं, तेव्हा आम्ही डाळिंब्या सोलत होतो. त्यांच्या स्वयंपाकघरात, मध्ये परात. भिजलेला वाल चिमटीत धरला की दाणा टपकन परातीत पडतो. त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या.

एक्सचेंजमधल्या सगळ्या मुलींची सहल गेली होती, याच किनाऱ्यावर. त्यात कुंदा होती. बाईंची मैत्रीण, बोर्डावर शेजारची खुर्ची. "माझ्याहून गोरी, माझ्याहून वात्रट. रात्रपाळीला आम्ही एकमेकींच्या आवाजात लाइन घ्यायचो. सुपरवायझरला कधी कळलं नाही." दुपारी ओहोटी होती. कुंदा शिंपले वेचत लांब गेली होती. बाकीच्या सावलीत डबे उघडून बसल्या होत्या.

"आणि मी हाक मारली," बाई म्हणाल्या. चिमटीतला दाणा पडला. "म्हणजे माझ्या आवाजात हाक आली. कुंदे, इकडे ये गं. मी तिला तसंच म्हणायचे. ती सरळ झाली. आमच्याकडे बघितलंच नाही तिनं. पाण्याकडे बघून म्हणाली, आले गं सुलू. साडी जरा वर धरली आणि निघाली. लक्ष्मी रोड ओलांडावा तशी."

मी सोलायची थांबले होते.

"सापडली नाही. सगळ्या मुलींनी आवाज ऐकला होता. सगळ्यांनी तेच सांगितलं, सुलूनं हाक मारली. खोटं कुणीच बोलत नव्हतं. तिची आई मला भेटायला आली, इथेच. रडली नाही. एवढंच म्हणाली, अगं, ती एवढी लांब होती, तर तू तिला हाक कशाला मारलीस?"

"पण तुम्ही मारली नव्हती."

"माझ्या तोंडात दडपे पोहे होते. माझ्याकडे साक्ष आहे ती एवढीच." त्या हसल्या नाहीत. "पण इतकी वर्षं झाली. पोहे होते की घास गिळून झाला होता, ते आता मला सांगता येत नाही. रोज आठवलं की आठवण झिजते. कधीकधी हाक मारल्याचंच आठवतं."

मग त्यांनी सहलींचं कारण सांगितलं. तो आवाज त्यांना पुन्हा ऐकायचा होता. एकदा तरी, कुणाच्या तरी देखत, त्या स्वतः गप्प असताना. म्हणजे हाक मारणारी आपण नव्हतो, हे ठरलं असतं. एकटीनं जायची त्यांना भीती वाटायची, कारण हाक ऐकून त्या थांबल्या असत्या याची त्यांना खात्री नव्हती. म्हणून पाहुणे. आणि पाहुण्यांना काही होऊ नये म्हणून नावं. "नाव कानावर पडलंच नाही, तर पाण्यात जे काही आहे ते हाक कशी मारणार? त्याला स्वतःचं काही नसतं. जे ऐकलं, तेच ते परत देतं."

"आणि मी?"

"तू पहिल्या हाकेला ओ देत नाहीस. मला तुझ्यासारखीच साक्षीदार हवी होती." परातीत हात फिरवून त्यांनी सालं बाजूला केली. "आणखी एक काम तुझ्याकडे आहे. मी खडकाच्या पुढे गेले तर मला परत आणायचं. नावानं नाही. तुला जसं जमेल तसं."

तेव्हापासून त्या किनाऱ्यावर मी पाहुण्यांकडे लक्ष देईनाशी झाले. माझं लक्ष बाईंच्या पायांकडे असायचं.

शेवटच्या सहलीला आलेले गजानन आणि यमुना औंधचे होते. चांगली माणसं. यमुना फार बोलकी आणि गजानन तिचे फोटो काढणारा. बाईंचा घसा आठवडाभर बसलेला होता, आवाज फुटत नव्हता. टपरीवर नावंसुद्धा त्यांनी माझ्या कानात सांगितली आणि मी पुढे सांगितली. दिवसभर सगळं मलाच बोलावं लागलं. मी एरवी महिन्यात बोलत नाही इतकं त्या दिवशी बोलले. दिवेआगरला मोदक वाढणाऱ्या काकूंशी, श्रीवर्धनला अंगणात सुपारी वाळत घालणाऱ्या आजोबांशी, सगळ्यांशी मीच. यमुना म्हणाली, "तुमचा आवाज छान आहे हो. एवढा हळू का बोलता?" मला अवघडल्यासारखं झालं.

तिसऱ्या किनाऱ्यावर आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. लख्ख ऊन. मी सुरूखाली चटई पसरली आणि थर्मास उघडला. गजानन माझ्याजवळ बसला. यमुना फोटोसाठी चालत चालत खडकापर्यंत गेली. तिथे मोठ्यानं हाक मारणं शक्यच नव्हतं, म्हणून बाई स्वतः तिला आणायला निघाल्या, गुडघ्यावर हात ठेवत, हळूहळू. त्या तिच्याजवळ पोचल्या तेव्हा यमुनेनं वळून नवऱ्याला मोठ्यानं सांगितलं, "अहो, यांचं नाव सुलभा आहे. यांचा नंबर टाकला तेव्हा माझ्या फोनवर दिसलं मला. किती गोड नाव, आणि दिवसभर लपवून ठेवलं."

बाई काहीतरी म्हणाल्या, ते मला ऐकू आलं नाही. यमुनेचा चेहरा पडला आणि ती झपाझप आमच्याकडे यायला लागली. बाई मागे राहिल्या. पाण्याकडे पाठ फिरवून त्याही निघाल्या होत्या.

"सुलभा."

तो माझा आवाज होता. ओरडल्यासारखा नाही, मी बोलते तसाच हळू. बोलायच्या आधी मी किंचित थांबते, ते थांबणंसुद्धा त्यात होतं. तो खडकाच्या पलीकडून आला, जिथे पाणी होतं. गजाननानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या ओठांकडे. माझ्या हातात थर्मासचं झाकण होतं आणि तोंड मिटलेलं होतं. निदान मला तरी तसं वाटतं. माझ्या तोंडात घास नव्हता.

बाई थांबल्या.

"सुलभा, इकडे ये."

त्या पाण्याकडे वळल्या. मान तिरकी झाली, हात कानाशी गेला. मग त्यांनी एक पाऊल टाकलं, आणि दुसरं. खडक त्यांच्या मागे राहिला.

मी आयुष्यात कधी ओरडलेले नव्हते. कसं ओरडतात तेही मला ठाऊक नव्हतं. आणि ओरडून तरी काय उपयोग, आवाज तर तोच. एकच आवाज त्यांना दोन्हीकडून बोलावणार होता. तरी मी उभी राहिले आणि ओरडले, "बाई." त्या वळल्या नाहीत. मी पुन्हा ओरडले. पाण्याच्या बाजूनं पुन्हा "सुलभा" आलं, माझ्याच आताच्या ओरडण्यासारखं, घाबरलेलं. ते शिकत होतं. मी धावत खडकापर्यंत गेले आणि तिसऱ्यांदा हाक मारली, "बाई, चला. घाट चढायचाय."

त्या माझ्याकडे वळल्या. बराच वेळ माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या, मग माझा दंड धरून परत आल्या. त्यांचा हात बर्फासारखा होता.

सुरूखाली यमुना माझ्यावर चिडलेली होती. "मी चुकून नाव घेतलं, मान्य. पण तुम्ही केवढ्या, त्या केवढ्या. सुलभा काय, इकडे ये काय. अशी एकेरी हाक मारतात का?"

मी काही बोलणार, तोच बाईंनी माझा दंड दाबला. बसलेल्या घशातून त्यांनी यमुनेला विचारलं, "काय ऐकलंत? पुन्हा सांगा."

"हिनं तुम्हाला एकेरीत हाक मारली. आम्ही दोघांनी ऐकलं."

"हिचा आवाज होता?"

"म्हणजे काय? हिचाच."

बाईंनी गजाननाकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली, पण त्याची नजर अजून माझ्या ओठांवर होती. तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी शेजारीच होतो. हिनं तोंड नाही उघडलं." आणि त्यानं चटई गुंडाळायला घेतली.

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. त्यावर पाणी नव्हतं. "चला," त्या म्हणाल्या.

टपरीवर बाईंनी नावं परत दिली, नेहमीप्रमाणे. यमुनेनं आपलं नाव दोनदा म्हणून बघितलं. पाहुण्यांना औंधला सोडून आम्ही शनिवार पेठेत आलो. जिना चढताना बाई पहिल्या मजल्यावर थांबल्या आणि पायरीवर बसल्या. मीही बसले.

"तू तीन वेळा हाक मारलीस," त्या म्हणाल्या.

"सुलभा मी नाही म्हटलं, बाई. शपथ." मी रडकुंडीला आले होते. माझी मलाच खात्री वाटेनाशी झाली होती. आवाज माझा होता. उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगणार होते?

"शपथ कशाला घेतेस? मला माहीत आहे. तू मला मरेपर्यंत बाईच म्हणशील. सुलभा म्हणायची वेळ आली तर तू आधी मुकी होशील." त्या श्वास घेत बोलत होत्या. "कुंदाच्या वेळी आवाज माझा होता आणि शब्दही माझेच होते. कुंदे, इकडे ये गं. त्यात काही चुकलेलं नव्हतं, म्हणून इतकी वर्षं मला सुटताच येईना. आज ते चुकलं. त्याला आवाज उचलता येतो. कुणी कुणाला काय म्हणायचं, ते कळत नाही."

खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. बाईंनी ती संपू दिली.

"म्हणजे मी हाक मारली नव्हती," त्या म्हणाल्या. ट्रंक कॉलचा नंबर वाचून दाखवावा तशा सपाट आवाजात. मला वाटलं, आता त्यांना हलकं वाटेल. पण त्या तशाच बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि कुंदा तिथे नाही. असती तर तिनं त्याला सांगितलं असतं. मला सुलभा कुणीच म्हणत नव्हतं गं. सगळ्या सुलूच म्हणायच्या."

तेव्हा मला कळलं, की इतकी वर्षं त्या दोन गोष्टी मागत तिथे जात होत्या. एक मिळाली आणि तिच्याबरोबर दुसरी गेली.

त्यानंतर बाईंनी सहली बंद केल्या. दारावरची पाटी काढली. तिच्या जागी दारावर एक फिका चौकोन राहिला आणि शेजारचे त्यांना खुशाल बाहेरून हाका मारू लागले. मी दर शनिवारी जायचे. त्या खुर्चीत बसलेल्या असायच्या, दारं-खिडक्या उघडी. एकदा म्हणाल्या, "कुंदाच्या आईला सांगायला हवं होतं. ती केव्हाच गेली." आणखी एकदा म्हणाल्या, "तू हे लिही. इंग्रजीत नको. बोर्डावरच्या मुलींपैकी अजून कुणी असेल, तर ती मराठीच वाचेल." मी लिहिते म्हटलं, पण लिहिलं नाही. मला वाटायचं, वेळ आहे. पावसाळा संपता संपता त्या एका दुपारी झोपेत गेल्या. घरातच, शनिवार पेठेत, पाण्यापासून पुष्कळ लांब. मला खूप एकटं वाटलं, पण त्यांच्यासाठी बरं वाटलं.

गाडी आता मी चालू ठेवली आहे. बाळासाहेबच चालवतात, समुद्राजवळ अजून उलटीच लावतात. पाहुण्यांना नावं मी देते. आम्ही फक्त दिवेआगर आणि श्रीवर्धनला जातो, तिसरा किनारा नाही. बाईंची एक सवय मात्र मी मोडलेली नाही. दुसऱ्यांची नावं लिहिली, त्यांचंही लिहिलं, पण माझं कुठे येऊ दिलं नाही. बाई मला एका नावानं हाक मारायच्या. ते घरचं नव्हतं, शाळेतलंही नव्हतं. त्या पहिल्या वर्षी डाळिंब्या सोलताना त्यांनी ते मला दिलं आणि पुण्याबाहेर कधीही उच्चारलं नाही. ते आम्हां दोघींनाच माहीत होतं. आता एकटीला माहीत आहे.

मागच्या महिन्यात श्रीवर्धनला दुपारी पाहुणे पाण्यात पाय बुडवून उभे होते. मी मागे वाळूत उभी होते. भरती लागत होती. अचानक नारळांच्या झावळ्यांचा आवाज बंद झाला, आणि पाण्याच्या बाजूनं बाईंचा आवाज आला. घसा बसायच्या आधीचा, खणखणीत.

"अगं," तो म्हणाला.

मी थांबले, जशी मी नेहमी थांबते. लाटा येत राहिल्या. त्याला पुढचं नाव येत नव्हतं.

"अगं," तो पुन्हा म्हणाला, या वेळी जरा जवळून.

मी पाहुण्यांना गोळा केलं आणि गाडीकडे निघाले.